नारोबा वैद्य आणि बहुरूप्याची बिदागी

सरका बरं जरा. पाय पोटाशी घ्या, पांघरूण सगळ्यांना पुरलं पाहिजे. आणि मधेमधे "पुढं काय, पुढं काय" करायचं नाही. या गोष्टीत तो शब्द फार वाईट आहे. का, ते कळेलच.

तर एक होता वैद्य. राजाचा वैद्य, पण राजा मागून येईल, त्याची घाई नाही. वैद्याचं नाव नारोबा. नाडी बघण्यात त्याचा हात धरील असा माणूस सात गावांत नव्हता. मनगटाला तीन बोटं लावली की सांगायचा, काल काय जेवलास, कुणाशी भांडलास, कुणाची आठवण काढून रडलास. एकदा धरलेली नाडी तो जन्मात विसरायचा नाही. असा माणूस शेजारी असला की पंचाईतच, पण मला मात्र आवडला असता.

नारोबाला बायको नाही, पोरं नाहीत. एक थोरली बहीण होती, चिमाक्का. ती खलात औषधं कुटायची आणि कुटता कुटता भावाला बोलायची. नारोबा ऐकून घ्यायचा. स्वभावच तसा, लोण्यासारखा. रोग्याच्या उशाशी मांडी घालून बसायचा. जळू लावताना पोरांना जळवांच्या लग्नाची गोष्ट सांगायचा. म्हातारीचं गाऱ्हाणं संपेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही, आणि म्हातारीचं गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग एके वर्षी गावात मरी आली. सकाळी सडा घालणारी बाई दिवेलागणीला नसायची. नारोबा या दारातून त्या दारात धावत होता. एका घरात पाच-सहा वर्षांची पोर होती. तिनं त्याचं बोट धरलं आणि म्हणाली, "गोष्ट सांगा. पण मोठ्ठी सांगा." त्यानं सुरू केली. गोष्ट अर्ध्यावर आली आणि पोरीची मूठ सैल पडली. नारोबानं ती गोष्ट पुरी केली, बरं का. ऐकायला कुणी नव्हतं, तरी शेवटपर्यंत सांगितली. आणि मग तो उठेचना. अंगणात चाळीस माणसं खोळंबलेली, आणि वैद्य भिंतीकडे तोंड करून बसलेला.

चिमाक्का आली. म्हणाली, "नारू, ऊठ. रडायचं तर रड, पण चालता चालता रड."

"अक्का, आतडं तुटतंय गं माझं."

"तुटू दे. तुटक्या आतड्याचा वैद्य चालेल, बसलेला वैद्य काय कामाचा?"

नारोबा उठला. पण रोग्यांकडे गेला नाही. भर दुपारी, उन्हात, गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर गेला. त्या विहिरीत साती आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, सात बहिणी, ओल्या केसांच्या. दुपारी त्या वाटेला कुणी फिरकत नसे. नारोबानं काठावर दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि हाक मारली.

पाणी हललं. सातजणी वर आल्या. थोरली म्हणाली, "काय हवंय?"

"काही नको. माझ्याजवळचं एक काढून घ्या. माझा कळवळा काढून घ्या, बायांनो. त्याच्यापायी हात चालत नाही."

धाकटी फसकन हसली. "अगंबाई! लोक मागायला येतात, हा टाकायला आलाय!"

थोरली हसली नाही. म्हणाली, "ठेवून घेऊ. पण ही ठेव आहे, दान नव्हे. परत न्यायची तर सगळी एकदम न्यायची. आणि वाढली असेल तर वाढलेली न्यायची."

नारोबा म्हणाला, "परत कोण मागतोय?"

मग त्यांनी वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा घेतला आणि त्याच्या छातीला लावला. आत काय गेलं? एवढासा कापसाचा पुंजका. तोंडाला मेण लावलं आणि तुंबा पाण्यात सोडला. भोपळा तरंगायला हवा की नाही? तो दगडासारखा तळाला गेला.

नारोबा परत आला आणि कामाला लागला. खोटं कशाला बोलू, खूप माणसं वाचवली त्यानं. डोळ्याला पाणी नाही, हाताला कंप नाही. मरी हटली. राजा खूश झाला. त्यानं नारोबाला मोठी आरोग्यशाळा बांधून दिली, दगडी, लांबलचक, एका ओळीत शंभर खाटा. आणि नारोबानं तिथं आपले नियम लावले. नातेवाइकांनी आरोग्यशाळेच्या वेशीच्या आत यायचं नाही. रोग्यानं दुखणं सोडून दुसरं बोलायचं नाही. नाव विचारायचं नाही. आला की तो "पोट", नाहीतर "खोकला", नाहीतर "गुडघा". नारोबा मान खाली घालून मनगट बघायचा, औषध सांगायचा आणि म्हणायचा, "पुढं." दिवसाला तीनशे माणसं. तीनशे वेळा "पुढं."

चिमाक्का म्हणायची, "अरे, नाव तरी विचारावं."

"नावाला औषध लागत नाही, अक्का."

तेही खरंच. पण बरी झालेली माणसंसुद्धा तिथून मान खाली घालून निघायची, कुणी त्यांना चोरी करताना पकडल्यासारखी. आणि जी बरी व्हायची नाहीत, ती शेवटचं जे काय असेल ते छताला सांगायची. नारोबा जवळ असायचा हो. शेजारच्याच खाटेपाशी. पण त्याच्या कानावर पडायचं नाही.

अशी सात वर्षं गेली.

मग एकदा काय झालं, मार्गशीर्षातल्या एका सकाळी ओळीत एक म्हातारी आली. पाठीत वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, मान लटलट हलतेय. ओळीतली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. एकजण पदराआड हसली. कारण तो होता सुभानजी बहुरूपी. तुम्ही बहुरूपी बघितला नाहीत. आमच्या लहानपणी यायचे. आज फौजदार होऊन यायचा, उद्या साधू, परवा बाळंतीण. अशी सोंगं घ्यायची, आणि शेवटच्या दिवशी रंग पुसून, आपल्या खऱ्या तोंडानं दारात उभं राहायचं आणि बिदागी मागायची. ती नाकारायची नाही, असा रिवाज. ज्या दारातून बहुरूपी रिकामा गेला, त्या घराला त्याचं सोंग चिकटतं म्हणायचे. मग घरातलं कुणीच खरं राहत नाही.

तर म्हातारी बसली. हात पुढं केला. म्हणाली, "लेक दर्यापार गेला, वैद्यबुवा. तेव्हापासनं घास उतरत नाही."

नारोबा मनगटाकडे बघत म्हणाला, "घसा. ज्येष्ठमध. पुढं."

दुसऱ्या दिवशी एक कुंभार आला. कोपरापर्यंत माती. म्हणाला, "भट्टी कोसळली, धाकटा भाऊ आत होता. आता चाकाला हात लावला की हात कापतो."

"हात. तिळाचं तेल. पुढं."

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. हिरवं लुगडं, नाकात चमकी, कपाळावर चिरीएवढं कुंकू. ओळीत आज कुणी हसलं नाही. बाईनं पोटाशी हात धरला होता. म्हणाली, "आग पडलीय आत. मी मरणार का? खरं सांगा, मी भीत नाही."

"पोट. डाळिंबाची साल. पुढं."

कोपऱ्यात चिमाक्काच्या हातातून बत्ता निसटला. तिला ती बाई ठाऊक होती. आषाढात अकराव्या खाटेवर होती, आणि तिथंच गेली होती. नारोबानं मान मात्र वर केली नाही.

चौथ्या दिवशी सुभानजी आला तो आपल्या खऱ्या तोंडानं. साधंच तोंड. गालफडं बसलेली. ओळीत उभा राहिला नाही, थेट दारात उभा राहिला.

"बिदागी द्या, महाराज."

"कसली?"

"तीन सोंगांची. तीन दिवस तुमच्यासमोर बसलो. पहाटे उठून रंग लावला हो! म्हातारीची एकेक सुरकुती काढली. आणि तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. असा प्रेक्षक दुश्मनाला मिळू नये!"

नारोबाला ते पटेना. म्हणाला, "हात दे." त्यानं तीन बोटं टेकवली, आणि त्याचा चेहरा उतरला. रंग बदलता येतो, लुगडं नेसता येतं, पण नाडी कुठं बदलते? काल हीच नाडी होती. परवा हीच. तेरवाही हीच. सात गावांत ज्याच्या बोटांची ख्याती, त्यानं एकाच धडधाकट माणसाला तीन दिवस तीन औषधं दिली होती.

कळवळा नव्हता त्याच्याजवळ. पण लाज होती. विहिरीवर ठेव ठेवताना लाज ठेवायची राहून गेली होती.

"काय हवंय?" नारोबानं विचारलं. "धोतरजोडी? धान्य?"

"ते नको. आषाढात माझ्या ठकूला मी इथं आणली. मला वेशीच्या आत सोडलं नाही. तीन दिवस बाहेर पावसात बसलो. चौथ्या दिवशी एकानं तिचं गाठोडं आणून दिलं आणि म्हणाला, पोट गेलं." सुभानजी म्हणाला, "पोट कसं जाईल हो? ठकू गेली. शेवटी ती काय बोलली, तेवढं सांगा. तीच माझी बिदागी."

खोकणारे खोकायचे थांबले. नारोबा आठवायला लागला. अकरावी खाट आठवली. डाळिंबाची साल आठवली. बाईचे ओठ हलत होते, तेही आठवलं. आवाज मात्र आठवेना.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मग सोंगच की तुमचं," सुभानजी म्हणाला. "वैद्याचं. छान वठलंय. सात वर्षं कुणाला कळलं नाही."

चिमाक्का उठली. भावाच्या खांद्याला धरून तिनं त्याला उभं केलं. "जा," म्हणाली. "जिथं ठेवून आलास तिथं जा. मला काय आंधळी समजलास? त्या दुपारी दहीभात कुणी कालवून दिला होता तुला?"

पुन्हा टळटळीत दुपार. पुन्हा तीच विहीर. सुभानजी मागोमाग आला होता. नारोबानं हाक मारली, पाणी हललं.

थोरली आसरा म्हणाली, "वाढलीय हो तुझी ठेव. जे तुझ्या कानावर पडायला हवं होतं आणि पडलं नाही, ते सगळं इथंच येऊन साठलं. झेपेल?"

"नाही झेपणार," नारोबा म्हणाला. "तरी द्या."

धाकटी आज हसली नाही. तिनं तुंब्याला दोर बांधून दोराचं टोक वर फेकलं. नारोबानं ओढलं. कापसाच्या पुंजक्याएवढं ठेवलं होतं, आता दोर हलेना. तळहात सोलून निघाले. सुभानजी आधी नुसता बघत उभा होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानंही हात लावला. दोघांनी मिळून तुंबा काठावर घेतला. नारोबानं मेण खरवडून काढलं.

आणि मग बोलणं बाहेर यायला लागलं. सात वर्षांचं. एकामागून एक, ज्याचं त्याच्या आवाजात.

एक म्हातारा म्हणाला, "पाणी नको. जरा हात धरा."

एक पोर म्हणाली, "दिवा विझवू नका हं."

एक बाई म्हणाली, "शेजारणीला सांगा, माझी पितळेची परात तिच्याकडंच आहे. तशीच राहू दे म्हणावं. पण मला माहीत होतं, एवढं तिला कळू दे." मरताना सुद्धा, बघा!

नारोबा ऐकत होता. एकेक बोल निघाला की छातीत एकेक सुरी जात होती. ज्या दिवशी रडायचं राहिलं होतं, त्या त्या दिवसाचं रडू येत होतं, आणि सात वर्षांचे दिवस होते ते. कानांवर हात ठेवता येईना. सगळं एकदम न्यायचं, असं ठरलं होतं ना? तीन दिवस ते बोलणं चाललं. चिमाक्कानं भाकरी आणून ठेवली, ती तशीच राहिली. नारोबाचे केस काळे होते, ते पांढरे झाले.

तिसऱ्या दिवशी सुभानजी एकदम ताठ बसला. आवाज त्यानं आधी ओळखला.

ठकू म्हणाली, "कुणी आहे का? आमच्या ह्यांना सांगा, राजाची दाढी वळचणीला वाळत घातलीय. पावसाच्या आत काढा म्हणावं, नाहीतर कुजेल."

राजाच्या सोंगाची दाढी हो. बकरीच्या केसांची. सुभानजी हसला. खरंच हसला. "कुजली गं," म्हणाला. "मी बाहेर पावसात बसलो होतो ना. मला वाटलं, मांजरानं नेली." आणि हसता हसता त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं.

पण तुंब्यात ठकूचं अजून थोडं राहिलं होतं. ती म्हणाली, "वैद्यबुवा, जरा बसता का?"

आणि मग नारोबाचाच आवाज आला. त्यालाही तो कधी ऐकू आला नव्हता. तो आवाज म्हणाला, "पुढं."

मग तुंबा रिकामा झाला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, चांगलं झालं. कळवळा परत मिळाला, वैद्य पहिल्यासारखा झाला. तसं कुठं होतं, बाळांनो? दुसऱ्या दिवशी नारोबा आरोग्यशाळेत गेला. पहिल्याच रोग्याला विचारलं, "नाव काय तुझं?" सात वर्षांत तिथं कुणालाच कुणी नाव विचारलं नव्हतं, त्या माणसानं घाबरून खोटंच सांगितलं. नारोबाचे हात आता थरथरत होते. पहिल्या रोग्याशी बसला तो दुपार झाली. बाहेर ओळ वेशीपर्यंत गेली. लोक ओरडायला लागले, "बोलत काय बसलाय म्हातारा, औषध द्या!" त्यांचंही चुकलं का? ज्याचं दुखतं त्याला घाई असतेच.

राजा आला. म्हटलं होतं ना, मागून येईल. म्हणाला, "तीनशे बघत होतास. आज किती?"

"अकरा."

"आणि ओळीत किती मेले?"

"दोघं," नारोबा म्हणाला, आणि दोघांची नावं सांगितली.

राजाला नावं काय करायची होती? त्यानं नारोबाची पगडी काढून घेतली आणि दुसरा वैद्य नेमला. चांगला होता तो. भराभर बघायचा.

पण एक झालं. नव्या वैद्याला ओळीतला आरडाओरडा नको होता. म्हणून नारोबा आणि सुभानजी वेशीच्या आत राहिले, ओळीपाशी, खाटांपाशी. नारोबा हात धरून बसायचा. सुभानजी सोंगं घ्यायचा. ताप आलेल्या पोरापुढं तोच तापोबा होऊन थरथरायचा आणि पोराकडून मार खायचा. ज्याचं कुणी आलेलं नसे, त्याचं कुणीतरी तो व्हायचा. माणसं मरायची तेवढी मरतच होती. एक सुद्धा कमी झालं नाही. पण मरताना छताशी बोलायची वेळ कुणावर आली नाही.

आणि संध्याकाळी दोघं तुंब्यातलं बोलणं पोचवायला निघायचे. नारोबाला एकूण एक पाठ होतं. पहिल्या घरी सुनेनं दार लावून घेतलं. दुसऱ्या घराला कुलूप, राहणारी माणसं केव्हाच गाव सोडून गेलेली. तिसरं घर त्या शेजारणीचं. सुभानजी डोईवर पदर घेऊन, कमरेवर हात ठेवून तिच्या दारात उभा राहिला आणि परातीचं सांगितलं. शेजारीण आधी रागानं लाल झाली. मग आत गेली, परात घेऊन बाहेर आली, आणि ती पोटाशी धरून उंबऱ्यावर बसली. बराच वेळ बसली. तीन घरांत एक घर. तेवढंच व्हायचं.

पुष्कळ वर्षं गेली. चिमाक्का गेली. एके दिवशी नारोबाच अकराव्या खाटेवर पडला. नजर गेली होती. हाताला कुणाचा तरी हात लागला.

"कोण? आज कुणाचं सोंग?"

"सोंग नाही," सुभानजी म्हणाला. "तोंड धुऊन आलोय."

नारोबानं त्याच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. ओळखलं. मग हळूच म्हणाला, "जरा बसता का?"

"बसलोय की," सुभानजी म्हणाला. आणि तो बसला. घाई केली नाही.

मग राहिलेली सगळी माणसं सुखानं राहिली का? राहिली, ज्याला जसं जमलं तशी. वळचणीला काही वाळत घातलं तर पावसाच्या आत काढत राहिली.

झाली गोष्ट. कुणी डोळे पुसले ते मी बघितलेलं नाही. आता कूस बदला, डोळे मिटा. दिवा नाही विझवत. मी बसलेय इथं.